सुलभाकाकूंची सातवी पायरी

सुलभाकाकू वेलणकर दुकानात गेल्या की लॅपटॉप आधी पालथा घालायच्या. दुकानदार बिचारा झळाळता पडदा दाखवायला धडपडत असायचा आणि काकू चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉपच्या पोटाकडचे स्क्रू मोजत असायच्या. "ज्याला स्क्रू नाहीत त्याच्याशी संसार करू नये," हे त्यांचं पहिलं तत्त्व. "उघडताच येत नाही, म्हणजे जरा दुखलं-खुपलं की थेट भंगारात."

माझा लॅपटॉप त्यांनीच घेऊन दिला. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतून संगणकांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत जाण्याजोगा, त्यामुळे वाडीत कोणाला काही घ्यायचं असलं की काकू पिशवी घेऊन तयार. माझ्या नवऱ्याने एक यंत्र मनात धरलं होतं. कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे लागायचे आणि किंमत माझ्या दोन पगारांएवढी होती.

"तू काय करणार याच्यावर?" काकूंनी मला भर दुकानात विचारलं.

"ऑफिसचं काम काकू. एक्सेल, मेल..."

"आणि?"

"आणि... सिरियल."

"मग अर्धा लिटर दूध आणायला ट्रक कशाला नेतेस?" मग त्या दुकानदाराकडे वळल्या. "अहो, तो कोपऱ्यातला काढा. तो, धूळ बसलेला. त्याची रॅम चिकटवलेली आहे की वाढवता येते?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, तो बेसिक आहे."

"मीही बेसिक आहे. काढा."

काकूंनी त्याचं झाकण एका बोटाने उघडून पाहिलं, कीबोर्डच्या मधोमध वांगं दाबून बघतात तसा अंगठा दाबला आणि कानाशी धरून पंखा ऐकला. मग त्यांनी पसंतीची मान हलवली. तो लॅपटॉप सहा वर्षं झाली, अजून चालतो आहे. नवरा त्याच्याकडे अजूनही सावत्र मुलाकडे बघावं तसा बघतो.

काकूंचा स्वतःचा लॅपटॉप याहून पुरातन. त्याची बिजागरी कधीच तुटली होती, म्हणून तो लोणच्याच्या बरणीला टेकून उभा असायचा. बॅटरीने देह ठेवला होता, त्यामुळे काकू कुठेही निघाल्या की पिशवीत लॅपटॉप, चार्जर आणि लांबलचक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड असे तिघे असायचे. लग्नकार्यातसुद्धा त्या आधी प्लग कुठे आहे ते बघायच्या आणि मग वधूवर.

या यंत्रावर लिनक्स होतं, म्हणजे यंत्र चालवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. काकू मात्र त्याला लिनक्स क्वचितच म्हणायच्या. त्यांच्या भाषेत जगातल्या सगळ्या सॉफ्टवेअरचे दोनच प्रकार होते, 'विकतचं' आणि 'आपलं'. 'विकतचं' हा शब्द त्या दिवाळीत विकतच्या चकल्यांबद्दल बोलावं त्याच सुरात उच्चारायच्या. त्यातून वाडीतल्या बऱ्याच जणांकडे विकतचंही नव्हतं, कोणाच्या तरी भाच्याने फुकट घालून दिलेलं होतं. "म्हणजे चोरलेल्या चकल्या," काकू म्हणायच्या, "आणि त्याही खवट!"

फुकट मिळतंय ते चांगलं कसं असेल, अशी शंका मी एकदा काढली होती. काकू उठल्या, फ्रिज उघडला आणि दह्याचं भांडं माझ्यासमोर आदळलं.

"परवा विरजण न्यायला कोण आलं होतं?"

"मी."

"पैसे दिलेस?"

"विरजणाचे कोणी पैसे देतं का काकू?"

"तुला दिलं म्हणून माझं दही कमी झालं? तू त्याचं श्रीखंड कर, कढी कर, मला विचारतेस? आणि उद्या माझं नासलं तर मी तुझ्याकडेच येणार ना? झालं. यालाच ओपन सोर्स म्हणतात. आता ऊठ, मला जेवायचंय."

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं स्टेनो म्हणून काढली. साहेब बोलणार, त्या टाइप करणार. साहेब चुकले तरी चुकीसकट टाइप करायचं आणि खाली साहेबांची सही. "एकदा एका पत्रात साहेबांनी मंगळवारच्या मीटिंगला बुधवारची तारीख घातली. मी म्हटलं, सर, चूक आहे. तर म्हणाले, तुम्ही टाइप करा. मंगळवारी साहेब एकटेच रिकाम्या खोलीत बसले गं!" निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठल्याशा वर्गात नाव घातलं आणि तिथे त्यांना कळलं, की जगात असेही लोक आहेत जे आपलं काम उघड्यावर ठेवतात आणि म्हणतात, वापरा, पुढे द्या, आणि चूक सापडली तर सांगा. "त्या दिवशी घरी येऊन रडले मी," काकूंनी मला सांगितलं होतं. त्यांच्यासारखी बाई असल्या गोष्टीवर रडली, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. आता वाटत नाही.

तेव्हापासून त्यांना चुकांची भूक लागली. आमटी पाठवली तरी मागोमाग निरोप यायचा, "चूक सांगा." कोणी "छान झाली हो" म्हटलं की चेहरा उतरायचा. "जेवणारा मीठ कमी म्हणतो," त्या म्हणायच्या, "छान म्हणतो तो न जेवणारा."

आणि मग एका संक्रांतीला त्यांनी पेनड्राइव्हचं वाण लुटलं.

वेलणकरकाका गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. काकूंनी हळदीकुंकू करावं का, असा विषय जिन्यात दबक्या आवाजात निघालाच. काकू वरून ओरडल्या, "माझं हळदीकुंकू ओपन सोर्स आहे! कोणीही यावं, कोणीही करावं! सहा वाजता!" सहाला आम्ही सगळ्या हजर. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि प्रत्येकीच्या पदरात बोटभर लांबीची एक काळी वस्तू पडली. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी गुंडाळलेली होती.

"शिट्टी आहे का?" पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं आणि वाजवूनही पाहिली.

पेनड्राइव्हमध्ये लिनक्स होतं आणि चिठ्ठीवर ते आपल्या मशीनवर कसं घालायचं याची कृती काकूंच्या टपोऱ्या अक्षरात, झेरॉक्स करून. एकंदर आठ पायऱ्या. पहिलीत 'जुने फोटो वगैरे दुसरीकडे काढून ठेवा, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका' असं होतं. पाचवीत 'होय म्हणा, घाबरू नका', सहावीत 'आता वेळ लागतो, समोर बसून राहू नका, कुकर लावून घ्या, तीन शिट्ट्यांत होतं.' सातवीत 'मशीन पुन्हा सुरू करा.' आणि आठवीत 'पेनड्राइव्ह काढा, देवाला नमस्कार करा.' खाली नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "विरजणावर कोणी नाव घालतं का?"

काकू स्वतः कोणाला ते घालून द्यायच्या नाहीत. "दुसऱ्याने भरवलेलं अंगी लागत नाही. कृती दिली आहे, करा." त्यामुळे वाडीत जे व्हायचं तेच झालं. कोणी तो देव्हाऱ्यात ठेवला, कोणी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला आणि काकूंनी विचारलं की सगळ्या एकमुखाने म्हणायच्या, "छान चाललंय हो!" काकू दर संक्रांतीला नवं वाण द्यायच्या आणि दर संक्रांतीला विचारायच्या, "चूक सांगा." चूक कोणालाच सापडत नसे.

माझं पाप यापेक्षा मोठं आहे, ते सांगून टाकते. काकूंचं येणंजाणं माझ्याकडे सर्वांत जास्त, आणि माझ्या लॅपटॉपवर विकतचंच. म्हणून मी एक युक्ती केली. काकूंच्या मशीनच्या पडद्याचा फोनवर फोटो काढला, कडेला दिसणारी लोणच्याची बरणी कापून टाकली आणि तो फोटो माझ्या लॅपटॉपवर पडदाभर लावून ठेवला. लांबून बघणाऱ्याला हुबेहूब 'आपलं' वाटावं. चार महिने निभावलं. मग एकदा मी चहा टाकायला आत गेले आणि काकू लॅपटॉपसमोर बसल्या.

"मेघना, अगं, हे उघडतच नाहीये."

मी बाहेर आले तर काकू फोटोतल्या फोल्डरवर टकटक करत होत्या. मी म्हटलं, "हँग झालंय वाटतं."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "आपलं हँग होत नाही," त्या हळूच म्हणाल्या. चहा न घेताच गेल्या. तीन दिवस त्यांचं दार बंद. चौथ्या दिवशी वही घेऊन आल्या, तीत संभाव्य कारणं लिहिलेली, अकरा. "यातलं कुठलं, नीट आठवून सांग." मी डोळे मिटून चौथ्यावर बोट ठेवलं. त्यावर त्यांनी ते सॉफ्टवेअर करणाऱ्या लोकांना इंग्रजीत सविस्तर पत्र पाठवलं. कुठल्याशा दूरदेशीच्या कोणा सज्जनाने उलट उत्तरही दिलं, की आम्ही मनापासून प्रयत्न केला, पण आमच्याकडे तसं होत नाही. होणार कसं? त्यांच्याकडे मी कुठे होते?

ते पत्र काकूंनी मला वाचून दाखवलं तेव्हा मला खरं सांगून टाकावंसं वाटलं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली.

गेल्या वर्षी मुलाने त्यांना कायमचं हैदराबादला बोलावलं. गुडघे बोलू लागले होते आणि आमचा जिना तीन मजल्यांचा. काकू तयार झाल्या, पण रथसप्तमीनंतर. शेवटचं हळदीकुंकू त्यांना वाडीतच करायचं होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वाण दिलं आणि मग कधी नव्हे ते हात जोडले.

"बायांनो, सात वर्षं देतेय. एकीने, फक्त एकीने, एक चूक सांगा. म्हणजे कोणीतरी वापरलं एवढं कळेल मला. मग मी सुखाने जाईन."

एकजण म्हणाली, "काकू, तुमच्यात चूक कशी निघेल?" दुसरी म्हणाली, "छानच आहे हो." काकू हसल्या, पण ते हसू मला पाहवलं नाही. नंतर ताटं आवरायला मी थांबले होते. काकूंनी बरणीला टेकलेला लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, "मला कळत नाही असं समजू नकोस गं. फक्त कोणीतरी एक असेल असं वाटत होतं."

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी त्यांना रथसप्तमीला लालबागला नेलं. माझ्या ऑफिसातल्या वैशाली सावंतकडे हळदीकुंकू होतं. तिच्या सासूबाई घरूनच मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी घेतात आणि त्यांच्या बोळात शिरलं की पत्ता विचारावा लागत नाही, शिंका येतात. काकूंनी सवयीने लॅपटॉपची पिशवी बरोबर घेतली होती. आम्ही गेलो, हळदीकुंकू झालं. सासूबाईंनी, म्हणजे सावंतबाईंनी, आधी माझ्या आणि मग काकूंच्या पदरात वाण घातलं.

बोटभर लांबीचा एक पेनड्राइव्ह. वर दोऱ्याने गुंडाळलेली चिठ्ठी.

काकूंनी दोरा सोडला. अक्षर काकूंचंच होतं, झेरॉक्सची झेरॉक्स होऊन फिकटलेलं. फक्त सातव्या आणि आठव्या ओळीवर निळ्या पेनाने भले मोठे दोन बाण काढले होते, खालचं वर आणि वरचं खाली.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"ता होय!" सावंतबाई खूश झाल्या. "लॅपटॉप जुनो असलो ना, तर ह्या घालूचा. माझो इतको हळू झाल्लो, मसाल्याची एक ऑर्डर उघडीसर मिरच्यो भाजून होयत. ह्या घातलंय, आता कसो पळता बघा! म्हणून म्हटलं, औंदा ह्याच वाण लुटूया."

"आणि हे बाण?"

"आवो, लिवणारी बाई हुशार हा. बाईच आसतली, बाप्याक शिट्टेचा गणित खय म्हायत? पण सातव्याक माती खाल्ल्यान!" सावंतबाई खाली मांडी घालून बसल्या. "ती म्हणता आधी मशीन सुरू करा, मगे पेनड्राइव काढा. तसा केला तर ता मेला परत पयल्यापासून सुरू जाता! मी आपला परत सगळा केलंय, परत कुकर लावलंय. चार दिस चार कुकर! आमचे हे म्हणाक लागले, घरात कोणाचा श्राद्ध हा काय? मगे पाचव्या दिसाक माझ्या डोक्यात उजेड पडलो. आधी काढूचा, मगे सुरू करूचा!"

मी मनात हिशेब मांडला. सात वर्षं, दर वर्षी पंधरा-वीस बायका, आणि ही चूक एकीलाही सापडली नव्हती. याचा सरळ अर्थ असा, की आमच्या वाडीतली एकही बाई सातव्या पायरीपर्यंत पोचली नव्हती. हे मला कळलं त्याच क्षणी काकूंनाही कळलं असणार, कारण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"माझा हात आपोआप जातो गं," त्या पुटपुटल्या. "मी काढतेच आधी. लिहिताना उलटं झालं. सात वर्षं!" आणि मग एकदम उभ्या राहिल्या, गुडघेबिडघे विसरून. "माझी चूक काढली!" त्या अख्ख्या खोलीला सांगू लागल्या. "अहो, माझी चूक काढली यांनी! सातव्या पायरीला! चार कुकर लावून काढली!" नव्याने आत येणाऱ्या बायकांना दारातच तिळगुळाआधी ही बातमी मिळू लागली. लिहिणारी हीच बाई हे सावंतबाईंच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी जीभ चावली आणि "माती खाल्ल्यान म्हटलंय, रागावू नका हां," म्हणून काकूंचे हात धरले. काकू म्हणाल्या, "अहो परत म्हणा! एकदा परत म्हणा!"

एक्स्टेन्शन बोर्ड निघाला. लोणच्याची बरणी नव्हती, पण मसाल्याची होती. तिला टेकवून काकूंचा लॅपटॉप, शेजारी सावंतबाईंचा, आणि दोघी जमिनीवर बसून तासभर भांडल्या. दुसऱ्या पायरीतही सुधारणा हवी, असं सावंतबाईंचं म्हणणं पडलं. कीबोर्डवर हळदीकुंकू सांडलं तरी कोणाला शुद्ध नव्हती.

"पण तुम्हाला हे मिळालं कुठून?" काकूंनी अखेर विचारलं.

"वैशालीक खयच्या तरी हळदीकुंकवाक मिळाल्ला. तिणा माझ्याकडे टाकल्यान."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आदल्या वर्षी माझ्याकडच्या हळदीकुंकवात स्टीलच्या वाट्या एकीला कमी पडल्या होत्या आणि मी कपाटातून हाताला आला तो पेनड्राइव्ह ब्लाउजपीसमध्ये घालून वैशालीला वाण म्हणून देऊन टाकला होता. काकूंनी मला दिलेला, चिठ्ठीचा दोराही न सोडलेला.

परतीच्या टॅक्सीत मी सगळं सांगून टाकलं. वाणही, पडद्यावरचा फोटोही, हँगही. चिंचपोकळीचा पूल गेला, भायखळा गेलं.

"म्हणजे तुला दिलेलं तू वापरलंसही नाहीस, आणि पुढे दुसरीला देऊन टाकलंस?"

"चुकलं काकू."

"फोटोचं चुकलंच. त्या परदेशातल्या बिचाऱ्याला क्षमापत्र लिही, पत्ता देते." मग त्यांनी माझा कान धरला, जोरात, टॅक्सीवाल्याने आरशात बघावं इतक्या जोरात. "पण पुढे दिलंस, ते? अगं मूर्ख मुली, तेच तर करायचं असतं! सात वर्षांत तेवढं एकच या वाडीत कोणी बरोबर केलंय!"

पुढच्या रविवारी सकाळी त्या निघाल्या. सामान टॅक्सीत चढलं, एक्स्टेन्शन बोर्डाची पिशवी मांडीवर घेतली. वाडी निरोपाला खाली उतरली होती. मी पाया पडले तर म्हणाल्या, "पडतेस काय, वर जा, गॅसवर काही असेल." टॅक्सी वाडीच्या तोंडाशी वळली आणि काकूंनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. डोळे पुसत होत्या, पण आवाज नेहमीचाच, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा.

"मेघना! आधी काढायचा! मग सुरू करायचं!"

रस्त्यावरची माणसं थांबून माझ्याकडे बघू लागली. मी हात हलवला आणि जिन्याकडे पळाले. वर लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावलेला होता, माझा कुकर लागला होता आणि दुसरी शिट्टी होऊन गेली होती.